थंड हवेची पेटी

मागच्या आठवड्यात भाच्याच्या गाडीनं अकोल्याला लग्नाला निघालो. तुरीच्या शेंगा भरत आलेल्या, शेतांवरचं धुकं अजून उठलेलं नाही, आणि मी शाल लपेटून पुढच्या सीटवर. भाच्यानं कसलंसं बटण फिरवलं आणि माझ्या पायांवर कोमट वारा आला. "मावशी, आता बरं वाटते का?" मी हो म्हटलं. पण माझा हात तोवर काचेकडे गेला होता. मागच्या सीटवर त्याची बायको डुलक्या घेत होती. "तिला जागी कर," मी म्हणाले. "काहून? झोपू दे न थोडी." "जागी कर म्हटलं न. बोल तिच्याशी." त्यानं हाक मारली, तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघून झोपाळू हसली. वाशीमपुढचं मालेगाव आलं तेव्हा कुठे माझा जीव जागेवर आला.

थंडी आवडणारी माणसं मला ठाऊक आहेत. हुरड्याच्या शेकोट्या, गुळाचा चहा, कोवळं ऊन. मलाही ती एकेकाळी आवडायची. अनसिंगच्या शाळेत मी मास्तरीण होते, सत्तरच्या दशकातली ती वर्षं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. थंडीत मी पोरांना वर्गाबाहेर काढून उन्हात पाढे म्हणायला बसवायची. त्यांच्या तोंडातून वाफ निघायची आणि तेवढ्यावरच ती खूश असायची. मग एक हिवाळा असा आला, की त्यानंतर दिवाळी सरून पहाटे ओठ फुटायला लागले की मी घरात झोपलेल्यांना हाका मारून बघते. इतकी वर्षं झाली, ती सवय अजून सुटलेली नाही.

माझे यजमान वामनराव गाडी चालवायचे. मी त्यांना 'हे' म्हणते, इथंही तसंच म्हणेन. गाडी मोठी, परदेशी, फिकट हिरवी. वाशीमच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींची ती होती. हे त्यांचे ड्रायव्हर. शेठजी कारभार गुंडाळून नागपूरला गेले आणि गाडी यांच्याकडे सोडून गेले. एवढी मोठी गाडी आमच्या घरापुढे उभी राहिली की घरच लहान दिसायचं. लग्नाच्या वराती, पोहरादेवीची जत्रा, वाशीमचा दवाखाना, अशा कामाला ती जायची.

त्या गाडीत एक गोष्ट होती जिचा गावाला फार अभिमान होता. शेठजींनी मुंबईहून तिच्यात थंड हवेची पेटी बसवून घेतली होती. स्टिअरिंगच्या बाजूला, पुढे बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर, ट्रंकेएवढी काळी पेटी. तिला चार जाळीदार तोंडं. गाडीसोबत आलेला मूळचा हीटर काढून त्या जागी ती बसवलेली. शेठजी वाशीमला असतानाच ती बंद पडली, पण जत्रेला येणारी पोरं तिच्या जाळीला हात लावून "थंड लागते" म्हणायचीच. त्यांचं खोटं नव्हतं. पेटीमागच्या पत्र्याला मोठं भोक होतं, त्यावरचं रबर झिजून गेलं होतं, आणि गाडी पळायला लागली की बाहेरचा वारा त्या चारही तोंडांतून सरळ आत यायचा. उन्हाळ्यात ते बरंच वाटायचं. हिवाळ्यात आम्ही तोंडांत चिंध्या कोंबायचो. त्या गळून पडायच्या.

मी म्हणते त्या हिवाळ्याच्या आदल्या हिवाळ्यात पोहरादेवीकडच्या एका तांड्यावरून यांना बोलावणं आलं. नुकतीच बाळंत झालेली बाई, तिचं अशक्त लेकरू आणि तिची सासू. वाशीमच्या दवाखान्यात न्यायचं होतं. सूर्य उगवत होता. ती बाई वाटभर लेकराशी बोलत होती, त्यांच्या बोलीत, हलक्या आवाजात. यांना शब्द कळत नव्हते, पण आवाज ऐकू येत होता म्हणून बरं वाटत होतं. दवाखान्याच्या आवारात गाडी थांबली. हे मागे वळले आणि म्हणाले, "आलो व माय." नर्सनं लेकरू घेतलं, आणि तिथल्या तिथे तिचा चेहरा बदलला. लेकरू गार पडलं होतं. केव्हा, ते कोणालाच कळलं नाही.

हे घरी आले आणि चपला न काढताच ओट्यावर बसले.

"थे त्याच्याशी बोलून राह्यली होती," म्हणाले, "अन् मी गाडी चालवून राह्यलो होतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडीत बसवलं. गाडी वेशीपर्यंत नेली आणि माझा हात धरून त्या पेटीच्या तोंडासमोर ठेवला. बोटं बधिर झाली. "पाह्य," म्हणाले, "इथून येते." मी म्हटलं, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तर तुम्हाला सांगितलं ना, की लेकरू मुळातच वाचण्यासारखं नव्हतं. पुढे कधीही कोणी बाळंतीण न्यायची म्हणून आलं, की हे त्यांच्यासमोर हात जोडायचे. "दुसरी गाडी पाहा." दुसरी गाडी नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि समोरच्यालाही.

पुढच्या पावसाळ्यात मला दिवस गेल्याचं कळलं. हिशेब केला तर बाळंतपण थंडी सरता सरता येत होतं. मी आनंदानं सांगितलं, तर यांनी आधी आभाळाकडे पाहिलं.

दिवाळीनंतर ती पेटी निघाली. वाशीमचे रशीद मिस्त्री दर रविवारी एसटीनं यायचे आणि आमच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली दोघं गाडीचं पोट उघडून बसायचे. मी दारात स्वेटर विणत बसायची. आधी नळ्या सोडल्या, तेव्हा आत उरलेला गॅस फुस्सकन बाहेर आला आणि कोंबड्या घराच्या मागे पळाल्या. मग ते काळं धूड बाहेर ओढलं. त्यात पालीची अंडी, वाळलेली पानं, शेठजींच्या काळची एक लवंग निघाली. पेटी निघाल्यावर तिथे भगदाड दिसलं. आत बसलं की त्यातून सरळ इंजन दिसायचं.

यांनी अकोल्याच्या भंगार बाजारातून फौजेच्या कुठल्याशा ट्रकचा हीटर शोधून आणला होता. हिमालयाकडे पाठवायच्या ट्रकांना असतो म्हणे. लहानसा पत्र्याचा डबा. आत नळ्यांची जाळी, मागे पंखा. इंजनातलं गरम पाणी रबरी नळीनं त्या जाळीत यायचं आणि दुसऱ्या नळीनं परत जायचं. पंखा त्यावरून वारा फेकायचा. बस्स, एवढंच. थंड हवा नाही, काही नाही. फक्त ऊब.

"वामनभाऊ," रशीद मिस्त्री एकदा हात पुसत म्हणाले, "ठंडीची पेटी काढणं सोपं व्हतं. हे बसवाले मले भेव वाटते. इंजनचं पानी अंदर आनलं, पन पान्यासंगं इंजनचा धूर बी आला तं? थो डोयाले दिसत नाई, नाकाले येत नाई. काचा बंद, मानसं झोपली, तं झोपलीच."

हे भोकावर पत्रा ठोकत होते. हात थांबला. मग म्हणाले, "मंग पाहून घेऊ."

कसं पाहिलं, ते सांगते. त्यांनी आमची तुऱ्याची कोंबडी टोपलीत घातली आणि मागच्या सीटवर ठेवली. तिच्या बाजूला खोबरेल तेलाची बाटली. थंडीत तेल मेणासारखं गोठलेलं असायचं. कोंबडी जागी राहिली तर धूर नाही, तेल पातळ झालं तर ऊब पुरेशी, असा त्यांचा हिशेब. सगळ्या काचा घट्ट वर करून हे एकटे वाशीमच्या वाटेला लागले. मी म्हटलं, कोंबडी ठीक आहे, तुम्ही कशाला? "गाडी का कोंबडी चालवीन?" म्हणाले. मी अंगणात उभी राहिले. पोटातलं बाळ लाथ मारत होतं. रस्त्यावर बैलगाड्या जात होत्या, कोणी विचारलं काय पाहता मास्तरीणबाई, मी म्हटलं काही नाही.

गाडी परत आली. बाटलीतलं तेल पाण्यासारखं झालं होतं. यांचा सदरा घामानं भिजला होता, पौषातल्या थंडीत. आणि कोंबडीची मान टोपलीच्या काठावर लोंबत होती.

"डोकं जड झालं," हे म्हणाले आणि ओट्यावर आडवे झाले.

कोंबडी मेली नव्हती. उन्हात ठेवल्यावर हळूहळू मान वर केली, डोळा उघडला. पण मी त्या दिवशी पहिल्यांदा यांच्यावर ओरडले. तो डबा काढून फेका म्हटलं, भोक बुजवा, मला तुमची ऊब नको. हे पडल्या पडल्या ऐकत होते. मग शांतपणे म्हणाले, "ठंडीनं बी मरते, ऊबेनं बी मरते. मी का करू, सांग."

पुढच्या रविवारी रशीद मिस्त्रींना दोष सापडला. धुराच्या नळीचा सांधा फाटला होता आणि पत्र्याच्या कडेला फट होती. दोन्ही बुजवलं. कोंबडी पुन्हा टोपलीत गेली, पुन्हा वाशीम. या वेळी ती टोपलीतून उडी मारून उतरली आणि नेहमीसारखी उकिरड्यावर गेली. मिस्त्री हसले. हे हसले नाहीत. मीही नाही. एकदा लोंबलेली मान पाहिली होती आम्ही.

बाळ वेळेआधीच आलं. संक्रांत होऊन गेली होती, आभाळ भरून आलं होतं, आणि दोन दिवसांपासून अवेळी भुरभुर लागलेली. रात्रभर कळा सोसून पहाटे मुलगी झाली. गयाबाई आमच्या गल्लीतली म्हातारी सुईण. अर्धं अनसिंग तिच्या हातावर जन्मलेलं. तिनं पोरीला उचललं. पोर ओंजळीत मावत होती. रडली ती मांजराच्या पिलासारखी. गयाबाईनं घरातला सगळा कापूस मागवला, पोरीला त्यात गुंडाळलं, वर माझं विणलेलं स्वेटर, त्यात ती पोर हरवूनच गेली.

वाशीमला डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. "इथे ठेवून उपयोग नाही. अकोल्याला काचेची पेटी आहे, त्यात ठेवतील. वाटेत मात्र ऊब तुटता कामा नये." हे दाराशी, पोरीकडे पाठ करून उभे होते. त्यांनी तेवढंच ऐकलं आणि गाडी सुरू करायला गेले.

मी मागच्या सीटवर, पोर माझ्या छातीशी, बाजूला गयाबाई. खोबरेलाची बाटली माझ्या मांडीशी. निघण्याआधी यांनी हात वर केला आणि आरसा छताकडे फिरवला. मला लगेच कळलं. तांड्यावरच्या लेकराच्या वेळी मागे वळून पाहिलं होतं ना. आता ते पाहणार नव्हते.

गाडीत ऊब भरली. काचांवर पाणी जमलं, बाहेरची शेतं पुसट झाली. मालेगाव गेलं. तेल पातळ होतं. मी मनातल्या मनात त्रिसरण म्हणत होते, अर्ध्यावर विसरत होते, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होते. दर थोड्या वेळानं पुढून आवाज यायचा, "हालते का?" मी म्हणायची, "हालते." खरं तर मला नेहमीच कळत होतं असं नाही. नाकाशी बोट धरलं तर गाडीच्या हिसक्यात काही कळायचं नाही. मग गयाबाई मनगट जिभेनं ओलं करून पोरीच्या नाकाशी धरायची आणि मान हलवायची. तेव्हा मी खरं बोलायची.

मेडशी सोडली आणि जंगल सुरू झालं. सागाची पानं पावसानं काळी पडलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. "हालते का?" आवाज आला. मी गयाबाईकडे वळले. तिचं डोकं काचेला टेकलं होतं. तोंड अर्धवट उघडं. आणि तिची मान हळूहळू कलत होती, अगदी तशीच, टोपलीच्या काठावरच्या कोंबडीसारखी.

"काच खाली करा," मी म्हणाले.

"काहून?"

"गयाबाई झोपली. धूर आला असंन. काच खाली करा."

"पोरीले वारा लागंन."

"काच खाली करा म्हणते मी!"

गाडी थांबली. इंजन चालूच होतं. मला यांची मान दिसत होती, मानेवरचा घाम, स्टिअरिंगवर आवळलेली बोटं. त्यांनी काच फिरवायच्या दांड्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. उघडली तर गारठा, नाही उघडली तर तो न दिसणारा धूर. बाहेर पाऊस पत्र्यावर टपटपत होता. पोर हलत नव्हती. मी तिच्या तळव्याला चिमटा काढला, काही नाही. आयुष्यात मी नंतर पुष्कळ भ्याले, यांच्या आजारपणात भ्याले, पोरांच्या परीक्षांत भ्याले. पण दोन्हीकडून मरण आणि मधे एक दांडा, असं पुन्हा कधी झालं नाही.

"गयाबाई," मी तिला गदागदा हलवलं. "ओ गयाबाई!"

म्हातारीनं एक डोळा उघडला. "काय व?"

"तुमाले डोकं दुखते का? जड वाटते का?"

"जड नाई वाटन तं का होईन," गयाबाई करवादली. "सारी रात जागी हावो मी तुयापायी. जराक डोया लागला तं हे आली हालवाले. अन् गाडी काहून थांबवली? चाल न बाप्पा वामन, वाट कोन पाहून राह्यलं तुई?" आणि तिनं माझ्या छातीवरची लुगड्याची घडी बाजूला केली, पोरीच्या अंगावरचा कापूस सोडवला आणि ती उघडी पोर माझ्या उघड्या अंगावर पालथी ठेवली. वरून स्वेटर, वरून लुगडं, वरून तिचं स्वतःचं घोंगडं. "आता उघड काच," म्हणाली. "बोटभर. तिची ऊब आता मायजवळ हाये."

यांनी काच बोटभर खाली केली. पावसाचा वास आत आला. आणि माझ्या कातडीवर, अगदी बारीक, मुंगी चालावी तसं काहीतरी चाललं. पोरीची बोटं.

"हालते का?" यांनी विचारलं.

"हालते," मी म्हणाले. या वेळी कोणाला विचारावं लागलं नाही.

पातूरचा घाट, मग सपाटी, मग अकोल्याच्या वेशीवरच्या चहाच्या टपऱ्या. मला त्यातलं फारसं आठवत नाही. मी छातीवर कान लावून बसल्यासारखी बसले होते, स्वतःच्याच.

दवाखान्यात पोरीला काचेच्या पेटीत ठेवलं. तिच्या डोक्यावर एक दिवा जळत होता. मला बाजूच्या खाटेवर निजवलं आणि मी झोपले. जाग आली तेव्हा गयाबाई पायाशी बसून पान लावत होती.

"हे कुठे आहेत?"

"गाडीत बसला हाये. इंजन चालूच ठेवलं मेल्यानं. चौकीदार दोनदा सांगून गेला."

गयाबाईच गेली आणि हाताला धरून घेऊन आली. हे दारात थांबले. अंगावर तोच भिजलेला सदरा. पेटीकडे पाठ करून, माझ्याकडे बघत उभे राहिले. यांच्या ओठांवर तोच प्रश्न आहे, हे मला दिसत होतं, आणि या वेळी मी उत्तर देणार नव्हते.

"तुमीच पाहा," मी म्हणाले.

एक नर्स पेटीचं झाकण तपासून निघून गेली. पलीकडच्या खाटेवरचं बाळ रडलं, थांबलं. मग हे वळले. एकदम नाही. आधी खांदा, मग मान. दिव्याच्या पिवळ्या उजेडात ती पोर पडली होती, लाल, सुरकुतलेली, डोळे मिटलेली, पोट भरभर वरखाली होत असलेली. हे काचेच्या इतके जवळ गेले की त्यांच्या श्वासानं काच धुरकट झाली. ती त्यांनी बाहीनं पुसली आणि पुन्हा पाहिलं.

तिला घरी न्यायला फाल्गुन उजाडला. आज ती यवतमाळला असते, तिची स्वतःची पोरं कॉलेजात आहेत, आणि तिला यातलं काही आठवणं शक्यच नाही. मी सांगते तेव्हा ती कोंबडीपाशी हसते. तिचं बरोबर आहे. भीती ही ज्यांनी वाहिली त्यांचीच असते, जिला वाहून नेलं तिची नसते. त्यानंतरच्या हिवाळ्यांत हे कोणत्याही बाळंतिणीला नाही म्हणाले नाहीत. पण प्रत्येक वेळी निघण्याआधी आरसा छताकडे फिरायचा, हे मी दारातून बघायची.

मला मात्र तो दवाखान्यातला दिवस अजून संपल्यासारखा वाटत नाही. हे काचेशी उभे होते, गयाबाई पान चघळत होती, बाहेर भुरभुर चालूच होती. आणि पेटीतली पोर शिंकली. एवढीशी शिंक, ऐकू आली न आली अशी. शिंकते म्हणजे जीव आहे. मी यांच्याकडे पाहिलं, म्हटलं आता तरी हसतील.

हे तिथे नव्हते. भिंतीशी गेले होते. उघडा तळहात खिडकीच्या चौकटीवरून हळूहळू फिरवत, एक खिडकी, मग दुसरी, मग दाराची फट. नर्स म्हणाली, अहो, काय करताय तुम्ही? त्यांना ऐकू गेलं नाही. कोपऱ्यातल्या खिडकीपाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, त्याची घडी केली, आणि एकेक बोटानं दाबत, ती फट बुजवायला लागले.